खडकापलीकडचं पाणी

डोळे मीट आणि माझ्याबरोबर एका खोलीत चल. पाचव्या मजल्यावर आहे, जिना चढताना दम लागेल, पण लिफ्टची वाट बघू नकोस. ती पुढच्या आठवड्यात दुरुस्त होणार, असं सगळे गेली चार वर्षं म्हणताहेत. खोलीत एक लांब टेबल आहे, टेबलावर बिनतारी यंत्र, भिंतीवर गोल घड्याळ आणि समोर मोठी काचेची खिडकी. खिडकीत समुद्र आहे. चित्रातल्यासारखा निळाशार नव्हे. बंदराचा समुद्र, शिशाच्या रंगाचा, डिझेलचा वास येणारा. हवा स्वच्छ असेल तर फार लांबवर एक काळा ठिपका दिसतो. तो खडक. त्याला सगळे कासव म्हणतात. कासवापर्यंतचं पाणी आपलं, आणि कासवापलीकडेही बोटीने तीन तास जावं तिथवरचं आपलंच, हे तुझ्या पणजोबांच्या वेळेपासून ठरलेलं आहे. तिथून पुढे शेजाऱ्याचं. शेजारी मोठा आहे. इतका मोठा, की नकाशात त्याचं नाव लिहिताना अक्षरं लांब लांब टाकावी लागतात, आणि आपलं नाव लिहायला आपल्यावर जागाच नसते म्हणून ते समुद्रात लिहितात. बंदरातली माणसं त्याचं नाव घेत नाहीत, 'थोरलं घर' म्हणतात. घरातला थोरला भाऊ तापट असला की बाकीचे कसे त्याचं नाव न घेता, नुसत्या भुवया उंचावून 'तिकडून विचारलं होतं' असं म्हणतात, तसं.

आता अशी कल्पना कर, की त्या टेबलाशी तुला बसवलं आहे. काम अगदी सोपं. रोज सकाळी सव्वानऊच्या सुमाराला थोरल्या घराचं राखाडी गस्ती जहाज हद्द ओलांडून कासवाकडे येतं. तू बटण दाबायचं आणि एक वाक्य बोलायचं: "गस्ती जहाज, गस्ती जहाज, तुम्ही आमच्या पाण्यात आला आहात, कारण सांगा आणि मागे फिरा." बटण सोडायचं. जहाज काही बोलत नाही. ते कधीच काही बोलत नाही. तुला वाटेल, उत्तर येत नाही तर रोज घसा कशाला कोरडा करायचा? त्या खोलीतल्या माणसालाही नोकरीच्या पहिल्या महिन्यात हेच वाटलं होतं, आणि तेव्हाच्या त्याच्या वरिष्ठांनी त्याला सांगितलं होतं, "अरे, आपल्या अंगणातून रोज कोणी ये-जा करायला लागलं आणि आपण एकदाही 'कोण आहे?' म्हणालो नाही, तर वर्षभराने तो आपल्यालाच विचारतो, तुम्ही कोण? त्याला अडवायची ताकद आपल्यात नाही. विचारायची आहे. तेवढी सोडू नकोस." तो माणूस एकोणीस वर्षं विचारत राहिला. वय अजून साठ झालेलं नव्हतं, पण नात जन्मली त्या दिवसापासून तो राहत होता ती सगळी इमारत, आणि हळूहळू सगळं बंदर, त्याला आजोबा म्हणायला लागलं. आपणही आजोबाच म्हणू.

तो मंगळवार होता. आजोबांनी चष्मा पुसला, घड्याळाकडे बघितलं, बटणाकडे हात नेला, आणि यंत्र आपणहून बोललं. आवाज तरुण होता, स्वच्छ, पुस्तकातून भाषा शिकलेल्या माणसासारखा एकेक अक्षर नीट खाली ठेवणारा. भाषा आपली. "किनारा केंद्र, किनारा केंद्र, गस्ती जहाजाचा निरोप. कासवाच्या खडकापलीकडचं पाणी गस्ती जहाजाच्या ताब्यात आहे. तिथे जाणाऱ्या बोटींनी आधी परवानगी घ्यावी. निरोप संपला." आणि आजोबांनी बटण दाबलं आणि तो निरोप शब्दाला शब्द परत म्हणून दाखवला. यात त्यांना वेड लागलं होतं असं समजू नकोस. बिनतारीवर काम करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून हेच वळण लावलेलं असतं. आलेला निरोप जसाच्या तसा परत म्हणायचा, म्हणजे पाठवणाऱ्याला कळतं की तो बरोबर पोचला. तीसचं तेरा ऐकू आलं तर बोट खडकावर जाते. आजोबांनी वादळांचे निरोप परत म्हटले होते, इंजिनं बंद पडल्याचे, माणूस पाण्यात गेल्याचे. एकदा घरी भांडून आलेल्या एका खलाशाने बायकोला पाठवलेली माफी, आणि तिने उलट पाठवलेल्या शिव्याही, आवाजात तसूभर फरक न करता. त्यांच्या छातीत जणू एक वेगळाच माणूस राहायला होता. त्याला अर्थाशी देणंघेणं नव्हतं. तो फक्त अक्षरं इकडून घेऊन तिकडे ठेवत असे, काचेची भांडी उतरवावीत तशी. त्या मंगळवारी आजोबांच्या आधी तो माणूस बोलला. बोलून झाल्यावर आजोबांनी बटण सोडलं, चहाचा कप उचलला, त्यावर साय धरली होती ती बोटाने बाजूला केली, आणि मगच त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला. कानात नव्हे, पाठीमागून, कोणी खोलीत येऊन उभं राहावं तसा. शेजारच्या खुर्चीवर नवी ऑपरेटर होती, प्रशिक्षण संपवून जेमतेम महिना झालेली मुलगी. तिने कानावरचं यंत्र उतरवलं होतं.

"काका," ती म्हणाली, "हे काय बोललात तुम्ही?"

तिला उत्तर देण्याआधी यंत्रातून बोटी बोलायला लागल्या. ती वाहिनी सगळ्यांसाठी खुली असते. समुद्रातली प्रत्येक बोट ती ऐकत असते. "आजोबा म्हणताहेत परवानगी घ्या." "कुठले आजोबा? थट्टा करतोस का?" "थट्टा कसली, कान फुटले का तुझे? किनाऱ्यावरून बोलले." "मग गेलं म्हणायचं पाणी." "अरे, परत एकदा विचारून बघ." "काय विचारू? त्या वादळात याच आवाजाने मला घरी आणलं. हा आवाज खोटं बोलेल?" आजोबा ऐकत होते. ज्या विश्वासासाठी त्यांनी एकोणीस वर्षं घसा सांभाळला होता, थंड पाणी प्यायलं नव्हतं, कोणावर ओरडले नव्हते, तो विश्वास आता त्यांच्या डोळ्यांसमोर बोटींची तोंडं किनाऱ्याकडे वळवत होता. काचेतून दिसायला लागलं होतं, कासवाच्या बाजूने एक, मग तीन, मग मोजवणार नाहीत इतके ठिपके. मंगळवारी, भर सकाळी, रिकाम्या जाळ्यांनी. त्यांनी बटणाकडे हात नेला. तेवढ्यात दार उघडलं आणि पाच मजले चढून घामाघूम झालेले साहेब आत आले.

"काका, हात काढा त्यावरून."

"साहेब, चूक झाली. मी आत्ता दुरुस्त करतो, दोन वाक्यांत—"

"चूक कुठे झाली? निरोप आला, तुम्ही परत म्हटलात. नियमच आहे तो." साहेब खुर्चीवर बसले, धापा टाकत. ते आजोबांपेक्षा वीस वर्षांनी लहान होते आणि वाईट नव्हते; आजोबांची मुलगी आजारी होती तेव्हा यांनीच स्वतःची गाडी पाठवली होती. "वरून फोन आला. खुलासा करायचा नाही. आणि उद्यापासून आपलं ते वाक्यही नको."

"किती दिवस?"

"करार होईपर्यंत. तिकडचे लोक आलेत बोलणी करायला. गॅसची नळी आहे, नवा पूल आहे. अशा वेळी दारात उभं राहून भांडणं बरं दिसत नाही."

"पण साहेब, दारात ते उभे आहेत."

साहेब हसले, पण डोळे हसले नाहीत. "काका, दहा महिने राहिलेत तुमचे. नुसतं गप्प बसायचंय. लोक पैसे भरून शिबिराला जातात गप्प बसायला." मग आवाज खाली करून, नव्या मुलीला ऐकू जाऊ नये अशा बेताने: "मला तरी कुठे आवडतंय? पण मी नाही म्हटलं तर उद्या या खुर्चीवर दुसरा बसेल, आणि तो तुम्हाला काका नाही म्हणायचा."

संध्याकाळच्या बसमध्ये आजोबांना खिडकीची जागा मिळाली. वाहक म्हणाला, "पुढे सरका, मधे थांबू नका," आणि आजोबांचे ओठ हलले, पुढे सरका, मधे थांबू नका. वाहकाने ऐकलं. "काय आजोबा, माझी नोकरी घेता का?" दोन माणसं हसली. आजोबाही हसले, आणि मग त्यांनी खालचा ओठ दातांखाली धरून ठेवला, कारण रस्त्यावरची प्रत्येक पाटी, प्रत्येक हाळी आतला तो माणूस परत म्हणू पाहत होता. बस पुलाखालून गेली. काचेवर त्यांचाच चेहरा आला आणि गेला. एके काळी सव्वानऊच्या त्या वाक्यानंतर अशी शांतता नसायची. आखाताच्या काठावर थोरल्या घराखेरीज तीन धाकटी घरं होती, आणि त्यांच्यात एक रीत होती: एकाने जहाजाला हटकलं की उरलेल्या दोघांनी वाहिनीवर म्हणायचं, "ऐकलं." बस, एवढंच. साक्ष. उत्तरेच्या केंद्रावर एक जण होता, त्याचं नाव आजोबांना कधी कळलं नाही, ते मनात त्याला खोकणारा म्हणत. 'ऐकलं' म्हटल्यावर तो बटण सोडायला उशीर करी आणि खोकल्याची एक उबळ समुद्रावरून इकडे येई. त्या खोकल्यावरून आजोबांना कळायचं की तिकडे थंडी पडली. आणि बेटांच्या केंद्रावर एक बाई. तिचं 'ऐकलं' असं असायचं, की जणू ताटावर बसलेल्या मुलाला आई स्वयंपाकघरातून ओ देते आहे. तीन आवाज, तीन देश, एकमेकांचं तोंड न बघितलेले. पण रोज सव्वानऊला आजोबांना वाटायचं, आपल्या पाठीला पाठ लावून कोणीतरी उभं आहे.

मग उत्तरेच्या देशाने आपलं बंदर थोरल्या घराला नव्व्याण्णव वर्षांच्या भाड्याने दिलं. नव्या क्रेनची छायाचित्रं पेपरात आली, पिवळ्याधमक. दुसऱ्या दिवशी खोकणारा आला नाही. तिसऱ्या दिवशी एक वेगळाच आवाज म्हणाला, "उत्तर केंद्र यापुढे साक्ष देणार नाही." त्यानंतरच्या थंडीत थोरल्या घराने उत्तरेची एक बोट अकरा माणसांसह उचलून नेली. तिच्या केंद्राने हटकलं नव्हतं, म्हणून बोट कुणाच्या पाण्यात होती हा प्रश्नच आला नाही. ती माणसं अजून कुठे आहेत कुणाला ठाऊक नाही. बेटांच्या देशाने दुसराच उपाय केला. फार लांबच्या एका बलाढ्य मित्राला बोलावलं. मित्राची जहाजं आली, एक हिवाळा राहिली, झेंडे लावून छायाचित्रं काढली आणि निघून गेली. आणि पाहुणा गेल्यावर घरच्यांना जो मार बसतो तो बेटांना बसला. बाईचा आवाज बारीक होत गेला. तोंडावर हात धरून बोलावं तसा. दोन महिन्यांपूर्वी ती म्हणाली, "ऐकलं. सांभाळा." रीतीत न बसणारा तो एक जादा शब्द. मग नुसती खरखर. आणि बसच्या काचेवर कपाळ टेकवून आजोबांना जे आठवलं ते हे नव्हतंच. त्यांना आठवलं, की खोकणारा गेला त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी याच बसमध्ये बसून सुटकेचा श्वास सोडला होता. त्यांचं गेलं, आपलं नाही गेलं. बाई गेली तेव्हाही. प्रत्येक वेळी थोरलं घर एकाच दारावर थाप मारत होतं, आणि प्रत्येक वेळी उरलेले आपापल्या खोलीत दिवा बारीक करून बसत होते. यात थोरल्या घराची हुशारी किती आणि आपला सुटकेचा श्वास किती, हे त्यांना सांगता येईना.

घरी जावई आधीच आलेला होता. एरवी तो तीन-तीन दिवस समुद्रावर असतो. आज त्याची निळी बोट दुपारीच धक्क्याला लागली होती. घरात मुलगी, जावई आणि नऊ वर्षांची नात. एका जागी दोन मिनिटं टिकत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. पण आज ती पाटावर मांडी घालून स्थिर बसली होती आणि भाताची शितं मोजल्यासारखी एकेक खात होती.

"बाबा," जावई म्हणाला, "धक्क्यावर सगळे विचारताहेत. मी काय सांगू?"

"चूक झाली माझी. सवयीने बोललो."

"ते मला कळलं. मी भांडलो लोकांशी, म्हटलं आमचे बाबा झोपेतही निरोप परत म्हणतात. पण मग दुरुस्त का नाही केलीत?"

आजोबांनी साहेबांचं सांगितलं. करार, नळी, पूल, दहा महिने. सांगताना त्यांना ते सगळं फार समंजस वाटलं. मुलगी वाढता वाढता थांबली. ती बर्फाच्या कारखान्यात कामाला होती. बोटी गेल्या नाहीत तर बर्फ कोणाला हवा?

"जाऊ दे ना," ती नवऱ्याला म्हणाली, "चार दिवस कासवाच्या अलीकडेच टाका जाळी."

"अलीकडे काय आहे? प्लॅस्टिकच्या पिशव्या. आणि चार दिवस कुठले? म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. आज पलीकडचं, उद्या अलीकडचं, परवा धक्क्यावर बसायला परवानगी." तो सासऱ्यांकडे वळला. आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "बाबा, उद्या नाही, परवा मी जातो. पलीकडे. एकटा गेलो तरी चालेल. कोणीतरी गेल्याशिवाय बाकीचे जायचे नाहीत. तुम्ही फक्त तुमचं ते वाक्य म्हणा. दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या बोटीला धरलं होतं, सहा तासांत सोडलं. का? तुम्ही हटकलं होतंत, त्याची टेप होती. तुम्ही बोललात तर मी हद्दीच्या भांडणातला माणूस. तुम्ही गप्प बसलात तर मी चोर. त्या अकरा जणांसारखा."

भिंगरीने विचारलं, "कुठले अकरा जण?"

"जेव," तिची आई म्हणाली.

"बघतो," आजोबा म्हणाले. हा शब्द तू मोठ्या माणसांच्या तोंडून पुष्कळदा ऐकला असशील. तो हो नसतो आणि नाहीही नसतो. म्हणणाऱ्याला त्याच्यामागे लपता येतं आणि ऐकणाऱ्याला त्यात आपल्याला हवं ते सापडतं. जावयाला हो सापडलं. त्याने उरलेला भात पटकन संपवला आणि हात धुताना शीळही वाजवली.

बुधवारी आजोबा खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेतले, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. सव्वानऊला राखाडी जहाज कासवाजवळ आलं. "किनारा केंद्र," तो नीटस आवाज म्हणाला, "नमस्कार. काल आपण निरोप फार छान म्हणून दाखवलात. आपला आवाज आमच्याकडे सगळ्यांना आवडला." आजोबा हलले नाहीत. घड्याळाचा काटा पुढे सरकला. त्यांच्या लक्षात आलं की आजपर्यंत ते जहाजाला हटकत होते, तेव्हा तिकडेही अशीच एक खोली असेल, असंच टेबल, आणि एकोणीस वर्षं कोणीतरी त्यांना ऐकत असेल. त्यांचा घसा कधी बसतो, सोमवारी ते कसे मरगळलेले असतात, हटकण्यापूर्वी ते किती वेळ थांबतात, हे सगळं लिहून ठेवत असेल. निरोप आला की हा माणूस तो परत म्हणतो, हेही. म्हणजे मंगळवार चुकून आला नव्हता. त्यांच्या वळणाची कोणीतरी आधी नीट पाहणी केली होती, आणि मग त्या वळणावर येऊन उभं राहिलं होतं. "आज आपण काही बोलत नाही," आवाज म्हणाला, "तेही चांगलं आहे. शांतता ही उत्तम सुरुवात असते. तब्येत सांभाळा, आजोबा." नव्या मुलीने त्यांच्याकडे बघितलं. आजोबा हा शब्द तिने त्या खोलीत कधी उच्चारला नव्हता, साहेबांनीही नाही. तो फक्त बोटींवर आणि घरी चालत असे.

गुरुवारी पहाटे जावई गेला तेव्हा आजोबा जागे होते. चहाचं भांडं घासल्याचा आवाज, मुलीची कुजबुज, दार. दारातून जावई हलक्या आवाजात म्हणाला, "येतो, बाबा. सव्वानऊला ऐकतो तुम्हाला." त्यांनी डोळे मिटूनच हूं केलं. मग उजाडलं, मुलगी कारखान्यात गेली, आजोबांनी अंघोळ केली, सदरा घातला, आणि गळ्याजवळचं बटण लागेना. लावलं, की श्वास अडकायचा. काढलं, की बरं वाटायचं. पुन्हा लावलं. आरशातला माणूस पांढरा दिसत होता. हा ताप आहे, ते स्वतःला म्हणाले, आणि कपाळाला हात लावला. कपाळ खरंच गरम लागलं, किंवा हात गार होता. दहा मिनिटांनी ते फोनवर साहेबांना सांगत होते की आज जमणार नाही, आणि साहेब इतक्या मऊ आवाजात म्हणाले, "झोपा काका, अगदी योग्य केलंत," की आजोबांनी फोन मधेच ठेवून दिला. आता खुर्चीवर ती महिन्याभरापूर्वी आलेली मुलगी असेल. तिला कोणी काही बोलायला सांगितलेलं नाही. म्हणजे मी गप्प बसलो असं नाही होणार, त्यांच्या मनात आलं, मी तिथे नव्हतो एवढंच होईल. हा विचार त्यांनी गोधडीसारखा अंगावर ओढून घेतला आणि त्यात त्यांना जराही ऊब आली नाही.

भिंगरीची शाळा दुपारची. ती स्वयंपाकघरात होती. तिथे फळीवर जावयाच्या बोटीवरचं जुनं यंत्र ठेवलेलं होतं, नुसतं ऐकायचं, बोलता न येणारं. नवरा समुद्रावर असला की मुलगी ते बारीक आवाजात लावून ठेवून पोळ्या लाटायची. आज भिंगरीने ते लावलं होतं. आजोबा दारात आले तेव्हा नऊ वाजून बारा मिनिटं झाली होती.

"तुम्ही घरी?" ती म्हणाली.

"बरं नाही मला."

तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. लहान मुलं बघतात तसं. डोळ्यांकडे नव्हे, सगळ्या माणसाकडे. "मग आज तुमचं वाक्य कोण म्हणणार?"

"आहे तिथे दुसरी मुलगी."

"तिला माहितेय म्हणायचं?"

आजोबांनी स्टुलावर बसून घेतलं. केंद्र बसने चाळीस मिनिटांवर. सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण उघडंच होतं. टोपलीत काल संध्याकाळी आणलेले कांदे होते, त्यातल्या एकाला कोंब फुटला होता, आणि त्या हिरव्या टोकाकडे ते असे बघत राहिले की जणू त्याच्यावरच सगळं अवलंबून आहे. यंत्र खरखरलं.

"निळी बोट," तो नीटस आवाज म्हणाला. आज त्यात नमस्कार नव्हता. "निळी बोट, आपण परवानगीशिवाय आमच्या पाण्यात आला आहात. इंजिन बंद करा."

मग जावयाचा आवाज, वाऱ्याने फाटलेला, पण ठणठणीत, घरात कधी नसतो इतका मोठा. "हे पाणी आमचं आहे. किनारा केंद्राला विचारा. किनारा, किनारा, निळी बोट बोलतेय. ऐकताय ना? बाबा, बोला."

खरखर.

"बाबांना वाटतंय तुम्ही तिथे आहात," भिंगरी म्हणाली. तिचे बाबा, तिचे आजोबा. कोण कोणाला हाक मारतो आहे हे तिला बरोबर कळलं होतं.

"किनारा, किनारा." आता मागे दुसऱ्या इंजिनाचा आवाज येत होता, जवळ येणारा, जड. "किनारा, ऐकताय का? बाबा?"

आजोबांच्या छातीतला तो माणूस उठून उभा राहिला. किनारा, किनारा, ऐकताय का, त्यांचे ओठ म्हणाले, शब्दाला शब्द, आवाज न करता. त्यांना वाटलं, नवी मुलगी आत्ता, या क्षणी, बटणावर बोट ठेवून बसली असेल, दाराकडे बघत, कोणीतरी 'बोल' म्हणेल याची वाट बघत. उत्तरेला कोणीतरी ऐकत असेल. बेटांवर ती बाई ऐकत असेल, तोंडावर हात धरून. धक्क्यावरच्या सगळ्या बोटी ऐकत असतील. एवढे सगळे कान, आणि त्या कानांच्या मधोमध ती खरखर, रिकाम्या भांड्यात वाळू ओतत राहावं तशी.

"निळी बोट," नीटस आवाज म्हणाला, "आपल्या किनाऱ्याची हरकत दिसत नाही. सर्वांनी हात डोक्यावर ठेवून खाली बसावं."

त्यानंतर कोणी बोललं नाही.

"आजोबा," भिंगरी म्हणाली, "हे एवढंच? आता कोणीच नाही बोलणार?"

आजोबांना बोलायचं होतं. घसा होता तिथेच होता, एकोणीस वर्षं सांभाळलेला. त्यांनी तोंड उघडलं, आणि आत कोणी नव्हतं.

मग भिंगरी स्टुलावर बसलेल्या आजोबांच्या गुडघ्यावर पाय देऊन ओट्यावर चढली, फळीवरच्या यंत्राची आवाजाची खुंटी शेवटपर्यंत फिरवली, इतकी की त्या खरखरीने भांडी थरथरायला लागली, यंत्र दोन्ही हातांनी पोटाशी धरून खाली आणलं, वायर पुरते आहे ना ते मागे वळून बघितलं, रस्त्याकडची खिडकी उघडली, आणि त्याचं तोंड बाहेर करून ते चौकटीवर ठेवून दिलं.